पाठ लागू द्यायची नाही

आमच्या घरात पहाट व्हायची ती बाबांच्या खाकरण्याने. कोंबडे, अजान, रायबरेली रोडवरचे ट्रक, सगळे त्यांच्या मागून. ते खाकरले की दादा उठायचा, दादा उठला की लोखंडी पलंग करकरायचा, आणि आई रात्री भिजत घातलेले बदाम खलबत्त्यात कुटायला घ्यायची. मी रजईत तोंड खुपसून पडून राहायचे. त्या घरात उशिरापर्यंत झोपायची मुभा फक्त मला होती, कारण मला पैलवान व्हायचं नव्हतं. म्हणजे, तसं मला कुणी विचारलंच नव्हतं. बदाम कुटून झाले की ते दुधात जायचे, त्यात खसखस, बडीशेप, काळी मिरी, आणि तो भरलेला तांब्या दादासाठी झाकून ठेवायचा. त्याला बोट लावलं तर आई हातावर पळी मारायची. दादा मातीतनं येईल, त्याला आधी, म्हणायची. मी विचारायचे, मी शाळेतनं येते तेव्हा मला काय असतं? तर म्हणायची, तुला चहा आहे की.

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भरती झाले तेच कुस्तीच्या जोरावर, आणि नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी पलटणीची पोरं लढवण्यात घालवली. शेवटचं पोस्टिंग लखनौचं, म्हणून तेलीबागेत जागा घेतली आणि तिथेच राहिले. सांगलीकडे परत का गेला नाहीत, याचं उत्तर ते प्रत्येक नातेवाइकाला वेगळं द्यायचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती इतकी पातळ झालेली की भाजी फक्त कांदा-बटाट्याची असायची, बाकी सगळी सब्जी. दादाला मराठी सगळी कळायची, बोलायचा मात्र हिंदीत. बाबांनी विचारावं, जेवलास का रे? त्याने म्हणावं, हाँ, खा लिया. दोघांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. रविवारी मटणाचा तांबडा रस्सा व्हायचा तेव्हा शेजारचे मिश्राजी खिडक्या लावून घ्यायचे आणि त्यांचा मुलगा मागच्या दाराने आमच्याकडे जेवायला यायचा.

घरामागे एका डेअरीवाल्याचा मोकळा प्लॉट होता. बाबांनी त्याच्याशी दोस्ती करून तिथे कुस्तीचा हौद खणला. माती चाळली, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबाचा रस घालून ती लोण्यासारखी केली आणि वर पत्रा टाकला. आसपासची पाच-सहा पोरं यायची. मी गच्चीवरून बघायचे, कारण खाली बायकांना मज्जाव. हौदात पाय ठेवला की बाबा बाबा राहायचे नाहीत, वस्ताद व्हायचे, आणि दादानेही तिथे त्यांना वस्तादच म्हणायचं असा नियम होता. मातीतला दुसरा नियम आवाजाचा. कुस्ती लागली की पैलवानाने जगातलं काही ऐकायचं नाही, फक्त आपल्या वस्तादाचा आवाज ऐकायचा. बाबा पोरांच्या डोळ्यांना पंचा बांधून झोंबी लावायचे आणि कडेला उकिडवे बसून ओरडायचे, डावीकडे, पट काढ, खाली बस. आवाज आला की आधी अंग वळलं पाहिजे, विचार मागनं आला तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. दादा त्यात सगळ्यांत तयार होता. मला त्याचं कौतुकही वाटायचं आणि चीडही यायची. एवढा मोठा घोडा झाला तरी बाबांनी हूं म्हटलं की हलायचा.

आणि सगळ्या नियमांच्या वरचा नियम म्हणजे पाठ लागू द्यायची नाही. मातीच्या कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की खेळ खलास. तुम्ही तासभर वर असा, समोरच्याला रडवलेलं असो, एकदा चीत झालात की झालात. म्हणून खाली सापडलेला पैलवान पहिलं काय करतो, तर पालथा होतो. पोट मातीला, हनुवटी मातीला, हातपाय फाकवून घोरपडीसारखा चिकटून बसायचं. वरच्याने मानेवर मनगटाचे घिस्से मारावेत, लंगोट धरून उचलायला बघावं, काय वाटेल ते करावं. पोटावर आहे तोवर तुमचा जीव सुरक्षित. बाबांच्या तोंडी हे इतकं बसलेलं की आमच्या घरात आजारपणालाही तेच माप. आईला टायफॉइड झाला तेव्हा गावी फोनवर सांगत होते, अजून पोटावर आहे, काळजी नको.

दादाचं नाव संग्राम. तेविसावं लागलं तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. मातीच्या दंगली कमी झालेल्या. मॅटवरच्या निवडीत तो दोनदा शेवटच्या फेरीत येऊन अडकला, खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी त्यामुळे हुकली, आणि फौजेचं वय उलटून चाललेलं. बाबा काही बोलायचे नाहीत, पण जेवताना त्यांचं न बोलणं सगळ्या ताटांवर पसरायचं. त्या दिवसांत दादा मोबाईलवर पिंजऱ्यातल्या लढती बघायला लागला. त्याला सगळे एमएमए म्हणत. बुक्की मारा, लाथ मारा, पाडा, हात पिरगळा, गळा आवळा, सगळं चालतं. बाबांनी एकदा मागून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, ह्याला आमच्याकडे बाजारातली मारामारी म्हणतात.

मी पुढे या खेळाविषयी पुष्कळ वाचलं, पुष्कळ पाहिलं. का, ते कळेलच. सुरुवातीला म्हणे एकेका विद्येचा माणूस येऊन उभा राहायचा. बॉक्सिंगवाला, कराटेवाला, कुस्तीवाला. कोणाची विद्या खरी ते एकदा ठरू दे म्हणून. ठरलं ते असं की एकट्या कुणाचीच पुरत नाही. मग बुक्कीवाला पाडायला शिकला, पाडणारा बुक्की चुकवायला शिकला, आणि सगळ्यांची खिचडी होऊन एक नवाच खेळ तयार झाला. पैलवान त्यात फार पुढे गेले, कारण धरणं, पाडणं आणि दाबून ठेवणं त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. पण जे पुढे गेले त्यांना आपलं थोडं विसरावं लागलं. आता माझेच केस पिकायला लागलेत आणि गल्लीतली पोरंसोरंही हे मला समजावून सांगतात. मी ऐकून घेते. तेव्हा आम्हाला हे सांगणारा एकच माणूस होता आणि त्याचं आम्ही ऐकलं नाही.

तो माणूस म्हणजे रिज़वान सर. सरोजिनी नगरमध्ये एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं जिम होतं. दादा तिथे चोरून जायला लागला आणि महिन्याभरात पकडला गेला, कारण घामाला मातीचा वास येईना. बाबा भडकतील म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो, तर त्याच संध्याकाळी रिज़वान सर स्वतः घरी आले. सडपातळ, तिशीचे, कान मात्र बाबांसारखेच, कुस्तीत चुरगळलेले. दोघांनी आधी एकमेकांचे कान पाहिले, मग नमस्कार केला. लखनौची माणसं नाही म्हणतानाही तुमच्या ताटात साखर वाढतात, आणि हे तर मागायलाच आलेले. उस्ताद, उस्ताद करत त्यांनी दादाच्या पकडीची इतकी तारीफ केली की बाबा सैलावले. मग चहाचा कप खाली ठेवून सर म्हणाले, "बस एक आदत छुड़वानी है, उस्ताद. नीचे आता है तो पेट के बल हो जाता है. हमारे यहाँ पीठ दे दी तो समझिए गर्दन दे दी."

त्यांनी गच्चीवर चटई टाकून करूनही दाखवलं. पाठीवर पडायचं, समोरच्याला दोन पायांत धरायचं, तिथून लढायचं. कोणी पाठीवर बसलाच आणि त्याचा हात हनुवटीखाली गेला, तर उगाच हिरोगिरी करायची नाही, तळव्याने त्याच्या अंगावर थापटायचं. टॅप म्हणतात त्याला. टॅप केलं की समोरच्याला सोडावंच लागतं, हार झाली, उठून हात मिळवायचा. बाबा बघत होते. शेवटी इतके हसले की ठसका लागला. पाठ टेकून पडायला शिकवणारा वस्ताद जन्मात पहिल्यांदा पाहिला, म्हणाले. पण हो म्हणाले. नाही म्हणून पोराला द्यायला त्यांच्याजवळ तरी दुसरं काय होतं? फक्त एक अट घातली. लढतीच्या वेळी कोपऱ्यात मीही उभा राहणार. पोरगा माझ्या आवाजावर वाढलाय.

पुढचे काही महिने दादा सकाळी मातीत आणि संध्याकाळी जिममध्ये जायचा. सकाळी बाबा त्याला पालथा व्हायला लावायचे, संध्याकाळी सर त्याला उताणा करायचे. त्याच्या झोपेतसुद्धा ओढाताण चाललेली मी पाहिली आहे. लहानपणापासून पोटावर झोपणारा माणूस, आता मध्येच दचकून पाठीवर व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा पालथा. मी त्याला चिडवायचे, धोबी का कुत्ता, न घर का न घाट का. तो उशी फेकून मारायचा.

पहिली मोठी लढत पितृपक्षात ठरली. कानपूर रोडवरचं एक मॅरेज लॉन त्या पंधरवड्यात लग्नं नसल्यामुळे मोकळं होतं, तिथे पिंजरा उभारणार होते. आई हबकली. पितृपक्षात कुणी नवं काही करतं का, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. त्याहून मोठा धक्का तिला वजनाचा बसला. वजनगटात बसायला दादाला अंगातलं पाणी उतरवायचं होतं. शेवटचे दोन दिवस ना जेवण, ना दूध, प्लास्टिकचं जाकीट घालून दमट उन्हात पळणं आणि वाटीत थुंकत बसणं. तांब्या भरलेला तसाच. आई तो झाकायची, उघडायची, परत झाकायची. पैलवानाला उपाशी ठेवून लढवणारा कसला मेला खेळ, म्हणत राहिली. लढतीला ती आली नाही. मी गेले.

लॉनच्या कमानीला अजून कुणाच्या तरी लग्नातली प्लास्टिकची फुलं लटकत होती. वर रंगीत दिवे, डीजे, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, आणि मधोमध जाळीचा पिंजरा. मला दादाच्या कोपऱ्यामागेच खुर्ची मिळाली. समोरचा मुलगा दिल्लीकडचा, लांब हातापायांचा, चेहऱ्याने अगदी गरीब. पहिल्या फेरीत दादाने सरळ पायांत शिरून त्याचा पट काढला, खांद्यावर उचलला आणि असा आपटला की पिंजरा हलला. दोन्ही खांदे स्वच्छ खाली. बाबांनी हात वर केले, माझ्याकडे वळून म्हणाले, संपली की कुस्ती! त्यांचे डोळे भरून आलेले. पण काहीच संपलं नाही. तो मुलगा पाठीवर पडल्या पडल्या दादाला पायांत धरून शांतपणे बुक्क्या मारत राहिला. बाबांचे हात बराच वेळ वरच होते.

दुसऱ्या फेरीत दादा दमला. दोन दिवसांचा उपाशी, दमणार नाही तर काय? त्या मुलाने त्याला पायात पाय घालून पाडलं. दादा एका कुशीवर आला. अजून कुठेच वळलेला नव्हता. आमच्या कोपऱ्यातून दोन आवाज एकदम गेले. रिज़वान सर ओरडले, पीठ पर आ, सामने आ उसके. आणि बाबा ओरडले, "पोटावर! संग्राम, पोटावर हो!"

दादाचं तोंड आमच्याकडे होतं. क्षणभर त्याने दोघांकडे पाहिलं. मग तो पालथा झाला. विचार मागनं येणार होता, अंग आधी वळलं. तो मुलगा त्याच्या पाठीवर चढला, पाय पोटाखाली अडकवले आणि हात हनुवटीखाली सारला. सर जाळीला धरून ओरडायला लागले, टॅप कर, टॅप कर. दादाचा उजवा हात वर आला. मी पाहिला. तळवा उघडा, त्या मुलाच्या दंडापासून वीतभर लांब. बाबांना तो आवळलेला गळा दिसतच नव्हता. त्यांना दिसत होतं ते एवढंच की पोरगा पोटावर आहे, खांदे वर आहेत, म्हणजे कुस्ती अजून जिवंत आहे. ते ओरडले, "हात खाली घे! धीर धर, सुटतंय!" दादाने हात खाली घेतला आणि मॅटला लावून धरला. पंचाला वाटलं, लढतोय. मग तो हातही ढिला पडला.

सोडवल्यावर तो लगेच शुद्धीवर आला. उठून बसला, पाणी प्यायला, त्या मुलाला मिठी मारली. मला तर हायसं वाटलं. हरला, पण धडधाकट आहे ना, बास. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले की गळा धरणं ही काही कुस्ती नव्हे, मनाला लावून घेऊ नकोस. घरी आल्यावर दादा म्हणाला की कानामागे, मानेत दुखतंय. पैलवानाची मान धरली की वस्तादाने चोळायची, ही रीतच. बाबांनी मोहरीच्या तेलात लसूण-ओवा कडकवला, त्याला समोर बसवला आणि अंगठ्याने ती मान रगडली. इतके दिवस जे बोलले नव्हते ते सगळं त्या हातांत उतरलं होतं. धीरे बाबा, धीरे, दादा म्हणत होता. आईने गरम भाकरी केली. तो पोटभर जेवला आणि झोपला.

सकाळी आईने त्याच्या हातात तांब्या दिला. तो त्याच्या हातातून पडला. दूध सगळ्या फरशीवर. दादा हसला, आणि हसताना त्याचं तोंड एकाच बाजूला गेलं. उजवा हात उचलायला बघत होता, उचलत नव्हता. काही तरी बोलला, ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मिश्राजींनी गाडी काढली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई वयाने दादाएवढ्याच असतील. त्यांनी सांगितलं की गळा आवळल्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे रक्ताची गाठ धरली आणि ती मेंदूत गेली. मग त्यांनी विचारलं, नंतर मानेला मालिश वगैरे केली होती का? आई पटकन नाही म्हणाली. बाबा म्हणाले, "की थी. मैंने की थी." डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, फाटली ती गळा आवळल्यानेच, चोळल्याने किती वाढलं हे कोणी सांगू शकणार नाही. यापेक्षा त्यांनी सरळ हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. हो म्हटलेलं माणूस कधी तरी पचवतं.

दादा वाचला. उजवी बाजू गेली, ती पुढे थोडी थोडी, रुसल्यासारखी परत आली. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाण्याइतका पाय, घास धरण्याइतकाही नाही असा हात. बोलणं तुकड्या-तुकड्यांनी आलं. रिज़वान सर आठवड्यातून एकदा यायचे, पडवीत बसून रडायचे, आई त्यांना चहा द्यायची, बाबा बाहेर यायचे नाहीत. मी बाबांशी बोलणं टाकलं होतं. आज मला त्याचा पस्तावा वगैरे होत नाही. माझ्या भावाचा हात वर आलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. आई दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी फिरायची. बाबांनी आखाडा बंद केला नाही, नुसता जायचे थांबले. पोरं पहाटे येऊन हाका मारायची, मग यायची बंद झाली.

जानेवारीत धुकं उठून ऊन पडलं की आम्ही दादाला गच्चीवर खुर्चीत बसवायचो. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. बाबा त्याच्या पायाशी बसून पिंढऱ्या चोळत होते. पायच फक्त, मानेला त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता. एकदम ते थांबले आणि म्हणाले, संग्राम, तो डाव मला लाव. दादाला आधी कळलं नाही. कळल्यावर त्याने नाही म्हणून मान हलवली. बाबांनी पाठ फिरवली, सरकत सरकत त्याच्या गुडघ्यांमध्ये येऊन बसले आणि हनुवटी वर केली. मला कळू दे, म्हणाले. मी ओरडणार होते की आता हे काय नवीन थेर, पण दादाने डावा हात त्यांच्या गळ्याखाली घातला होता.

एकाच हाताने, आणि त्याचं ते कोपर खुर्चीला टेकवून. फार जोर नसेल. पण बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळसर, कपाळावरच्या शिरा टरारून आल्या. मी हातातली ओली चादर टाकून धावले. मी पोचायच्या आत बाबांचा हात वर आला आणि दादाच्या दंडावर पडला. थप, थप. दादाने त्याच क्षणी सोडलं.

बाबा खोकत राहिले. डोळ्यांतून पाणी. दादाने तोच हात त्यांच्या टकलावर ठेवला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागायचा, आम्ही थांबायला शिकलो होतो.

"बस, बाबा," तो म्हणाला. "इतना ही... करना था."

"हो," बाबा म्हणाले. "मी करू दिलं नाही तुला."